टपावरचं कडं

ओमानात मी इतकी वर्षं काढली ती तीन शब्दांवर. यल्ला, खलास आणि इन्शाल्ला. काम सुरू करताना यल्ला, संपलं की खलास, आणि मधे समोरचा जे काय बोलेल नि मला समजणार नाही त्या सगळ्याला इन्शाल्ला. शाळेचा आणि माझा संबंध सातवीत तुटला, त्यामुळं भाषा शिकलो ती एवढीच. एसी दुरुस्तीच्या धंद्यात तोंडाला काम कमी. मशीन बोलतं, आपण ऐकायचं.

हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढं जे रामायण झालं त्याला कुणी गाडीला जबाबदार धरतं, कुणी टोपाला धरतं, आणि प्रेमा, म्हणजे आमची बायको, सरळ मला धरते.

झालं असं, की आमची रेवा बारावी झाली. पुण्याला कॉलेजात नाव लागलं. ईद संपली की तिचं विमान. एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, एकदा तरी फॅमिली ट्रिप करूया ना. टेंट घेऊन. सलाला, ताका, मिरबात, साउथच्या सगळ्या ओल्ड सिटीज. मी इथे मोठी झाले आणि इब्रीच्या बाहेर काय बघितलं? मस्कतचा डेंटिस्ट."

प्रेमा आमटी वाढता वाढता म्हणाली, "यांना काय विचारतेस? ईदला सगळ्या गावाचे एसी एकदम बंद पडतात. यांनी हात लावल्याशिवाय थंड होत नाहीत."

लागलं मनाला. खोटं असतं तर एवढं लागलं नसतं. मी हात तसाच ताटात ठेवून म्हटलं, "जायचं. आणि एक अख्खा दिवस मिरबातच्या समुद्रावर. फोन बंद. कुणाचा कॉम्प्रेसर जळाला तर जळू दे."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

इन्शाल्ला म्हणालो नाही, हे ध्यानात ठेवा.

आता आमची जुनी गाडी इब्रीच्या बाजारापर्यंत जायची तेच उपकार. इथून सलाला म्हणजे मधे नुसतं वाळवंट. मग बाजारात टायरचं दुकान असलेला आमचा शरीफ, जयगडकडचा, त्यानं बातमी आणली. खाबुऱ्याला एक म्हातारा आपली पेट्रोल जीप विकतोय. मोठी, दणकट, टपावर कॅरियर. किंमत ऐकली आणि मी शरीफला ती पुन्हा सांगायला लावली. एवढी स्वस्त?

मी तुम्हाला सांगतो, महाग वस्तू माणसाला एकदाच फसवते. स्वस्त वस्तू रोज फसवते. मी शरीफला म्हटलं, "अपघातातली असणार. नायतर पाण्यात बुडालेली."

"अरे जनू, बघायला काय जातं? मी खाली घुसून बघतो, तू वर बस."

गेलो. म्हाताऱ्याचं नाव हसन. खजुराच्या बागेत घर, दारात गाडी. खजूर आला, काहवा आला, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, हलवा आला. ओमानी घरात हे सगळं येतंच, त्यात संशय घ्यायला जागा नाही. पण म्हातारा गाडीकडं ज्या नजरेनं बघत होता ती नजर मला काही बरी वाटली नाही. मुलगी सासरी पाठवताना बाप बघतो तसं बघत होता. मुलीचं ठीक आहे हो, पण भंगारात जाणाऱ्या जीपकडं असं कोण बघतं?

शरीफ बॅटरी घेऊन गाडीखाली गेला. त्याचे नुसते पाय बाहेर. आणि तेवढ्यात हसननं माझा हात हातात घेतला आणि अरबीत सुरू केलं. पुढचे दात नाहीत, बोलणं पाण्यासारखं. त्यातलं "सलाला" समजलं, "ईद" समजलं. कुठूनतरी ऐकलं असणार आम्ही चाललोय ते. मी म्हटलं, "इन्शाल्ला."

तो अजून बोलला. मी म्हटलं, "इन्शाल्ला, इन्शाल्ला."

त्याचे डोळे पाण्यानं भरले. त्यानं माझ्या खांद्याला हात लावला नि आणखी काहीतरी लांबलचक विचारलं. आता रडणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, "इन्शाल्ला, चाचा. खलास!"

त्यानं किंमत आणखी कमी केली.

शरीफ गाडीखालून बाहेर आला तो ग्रीसमध्ये बुडालेला. म्हणाला, "गाडी सोन्यासारखी आहे." मी म्हटलं, "तेच तर. मग विकतो का?"

गाडी घरी आली आणि संशयाला वाटा फुटल्या. पहिली गोष्ट म्हणजे टपावरचं कडं. कॅरियरच्या मधोमध जाड लोखंडाचं हे एवढं गोल कडं, पक्कं वेल्डिंग केलेलं. कशाला? शरीफ म्हणाला, डिश अँटेनाला असेल. प्रेमाचा मामेभाऊ धनेश, मस्कतच्या अल् खुवैरला एका कंपनीच्या ऑफिसात आहे, शिकलेला माणूस, त्यानं फोटो बघून मेसेज केला, "भावोजी, अशा कड्यात बंदूक बसवतात. मी व्हिडिओत पाहिलंय." दुसरी गोष्ट म्हणजे वास. एसी बंद केला की गाडीत गुलाबाचा वास यायचा. प्रेमा मागच्या सीटला नाक लावून म्हणाली, "या गाडीत बाई बसायची."

"बसू दे ना. आपल्याला काय?"

"मग तुम्ही एवढ्या स्वस्तात का घेतलीत?"

लग्नाला वीस वर्षं झाली की बायका असे प्रश्न विचारतात, ज्यांच्यापुढं आपण नुसती मान खाली घालायची असते.

तिसरी गोष्ट मुंग्या. औषध मारलं, पावडर टाकली, तरी मुंग्यांची रांग मागच्या सीटखालून निघून दरवाजाच्या फटीत जायची. जसं काही त्यांना आत कुणी बोलावलंय.

पासिंगला गेलो तर तिथला माणूस कडं बघून थांबला. म्हणाला, हे कागदावर नाही. मी घामानं ओला. आता कापून आणा म्हणेल, मग दुसरा कागद, मग तिसऱ्या खिडकीचा शिक्का. एवढ्यात त्यानं मुल्कियावर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, जुन्या मालकाचं नाव वाचलं, कड्यावर प्रेमानं हात फिरवला, हसला आणि गाडी पास करून टाकली. वर मला म्हणाला, "ईद मुबारक."

मी घरी येऊन कपाळ धरून बसलो. सरकारी माणूस हसत हसत गाडी पास करतो? काहीतरी भयंकर आहे.

पण खरी गंमत पुढंच आहे. धनेशला कळलं, आम्ही सलालाला चाललोय. त्यानं ग्रुप काढला. बघता बघता त्याच्या बिल्डिंगमधली सहा घरं तयार. मराठी मंडळाचा मोठा टोप घेऊ, तिथं डोंगरावर सगळ्यांची खिचडी, एक दिवस शिरापुरी. टोप कुणी न्यायचा? ज्याच्या टपावर जागा आहे त्यानं. मी मस्कतला जाऊन टोप मागच्या सीटवर घालून घेऊन आलो. त्यात रवा, साखर, तूप, तांदूळ सगळं सामान भरलं. मग एकाच्या मुलाला ताप आला. एकाला रजा नाही. एकाच्या बायकोला ग्रुपमधल्या दुसऱ्या बायकोनं काहीतरी टाकलेला मेसेज लागला. शेवटी धनेशचा फोन आला, "भावोजी, तुम्ही व्हा पुढं, आम्ही विमानानं बघतो." त्यांनी विमान टीव्हीवरच बघितलं असणार.

राहिलो आम्ही तिघं आणि साठ माणसांचा टोप.

टोप टपावर चढवला. तो कड्यात बसला. नुसता बसला नाही, कुणीतरी माप घेऊन केल्यासारखा बसला. हलेना, डुलेना. प्रेमा म्हणाली, "बघा, देवानं सोय केली." मी म्हटलं, "देव वेल्डिंग करत नाही." धूळ बसू नये म्हणून तिनं वरून जुनी लाल साडी बांधली आणि आम्ही निघालो.

अदम गेलं, हैमा आलं. मधल्या वाळवंटाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कारण तिथं काही नाही. हैमाला पेट्रोल भरत होतो. एक ओमानी पोरगा पिकअपमधून उतरला. टोपाकडं बघितलं. बोटं एकत्र करून ओठांना लावली. मग माझ्याजवळ येऊन हळूच, "हसन?"

"नो हसन. जनार्दन."

तो काहीतरी बोलला, त्यात एक शब्द मला लख्ख ऐकू आला. अमाना. "वेन अल-अमाना?"

माझं धाबं दणाणलं. तोंडातून सवयीनं निघालं, "इन्शाल्ला!"

पोरगा आनंदानं उडालाच. लगेच खिशातून फोन काढून कुणालातरी ओरडून सांगायला लागला. मी पैसे दिले नि गाडी अशी काढली की पंपवाला बाजूला उडी मारून वाचला.

मागून रेवा म्हणाली, "बाबा, तो काय विचारत होता?"

"काच वर कर. कुणाशी बोलायचं नाही."

"पण मला अरेबिक येतं. सुरैयाशी मी रोज—"

सुरैया म्हणजे आमच्या घरमालकाची मुलगी. दोघी लहानपणापासून एकत्र. मी म्हटलं, "तुझं अरेबिक तुझ्याकडं ठेव. या भानगडीत लेकीबाळींनी पडायचं नाही. काच वर!"

शरीफला फोन लावून ते वाक्य सांगितलं. तो म्हणाला, "अमाना कुठंय म्हणून विचारतोय. अमाना म्हणजे अमानत रे. कुणीतरी विश्वासानं ठेवायला दिलेली चीज."

"कुणाकडं?"

"आता तुझ्याकडं असणार. गाडीतच असेल."

"तू गाडी बघितलीस ना?"

"मी खालून बघितली. आतून बघायचं काम तुझं होतं."

धनेशला फोन लावला. तो कुजबुजत म्हणाला, "भावोजी, सोनं असेल. नाहीतर त्याहून वाईट. दरवाजांच्या आत लपवतात. कशाला हात लावू नका, बोटांचे ठसे उमटतात." शिकलेल्या माणसाचा हाच फायदा. आपल्याला एक भीती असते, तो तिला तीन फांद्या फोडून देतो.

थुमरेतला चहा प्यायलो, तर चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. वर विचारलं, "मिरबात?" मी म्हटलं, "इन्शाल्ला," आणि त्यानंही फोन काढला. पुढं डोंगर लागला, धुकं लागलं, आणि एक पांढरी पिकअप दिवे मारत मागं लागली. मी वेग वाढवला, तिनं वाढवला. मी कमी केला, तिनं कमी केला. शेवटी बाजूला येऊन आतल्या बाप्यांनी खिडकीतून हात हलवले आणि निघून गेले. प्रेमा म्हणाली, "किती गोड लोक आहेत." मी म्हटलं, "रेकी करतायत."

सलालाला डोंगराच्या पायथ्याशी सगळे तंबू लावतात तिथं गेलो. हिरवंगार, वर भुरभुर. मी तंबूची पिशवी उघडली. एक दांडी कमी. दुकानात शोकेसला लावलेला तंबू होता तो, म्हणून स्वस्त. बघा, मी काय म्हणत होतो? एसीच्या पाइपाला गुंडाळायची टेप काढली आणि झाडूच्या दांडीला तंबू बांधला. तंबूनं एका बाजूला मान टाकली ती टाकलीच. शेजारच्या तंबूतले लोक मुलांना आमच्याकडं बोट दाखवून शहाणं व्हायला सांगत होते.

पण माझं लक्ष दरवाजांवर. प्रेमाचे ओव्हनचे हातमोजे घातले, फुलाफुलांचे, ठसे उमटू नयेत म्हणून, आणि दरवाजाचं पॅनेल उघडायला घेतलं. एकात काही नाही. दुसऱ्यात मुंग्या. तिसऱ्यात, ड्रायव्हरच्या बाजूच्या, लांब मानेची एक तांब्याची कुपी.

प्रेमानं हुंगली. "गुलाबपाणी. सांगितलं होतं ना, बाई बसायची."

"बाई दरवाजाच्या आत बसत नाही!"

पॅनेल परत बसवताना काचेची तार निसटली. माझ्या बाजूची काच खाली गेली ती वर येईना. आत भुरभुर यायला लागली. टेप लावली, ती ओली होऊन गळून पडली. रेवा त्या सगळ्या वेळात एका दगडावर बसली होती. अल् बलीदचे जुने अवशेष बघायला ती एकटीच जाऊन आली, कारण प्रेमा तंबू धरून उभी होती आणि मी गाडी सोडायला तयार नव्हतो.

मी विचारलं, "काय गं, गप्पशी?"

"बाबा, सलालामध्ये आपण काय बघितलं माहितीये? गाडीचा दरवाजा. आतून."

मी हसण्यावारी नेलं. पण ती हसत नव्हती. पिशवीत तिकीट ठेवलेली मुलगी अशी दगडावर पाठ करून बसली की बापाला ओव्हनच्या हातमोज्यात फार वेळ उभं राहवत नाही.

दुसऱ्या दिवशी ताका. किल्ला छान आहे म्हणतात. मला दिसला तो किल्ल्याच्या भिंतीला टेकून बसलेल्या बायकांच्या मागं. प्रत्येकीच्या मांडीवर झाकणाचा डबा. आम्हाला बघून सगळ्या एकदम उठल्या. मी गाडी थांबवलीच नाही. रेवानं ताक्याचा किल्ला चालत्या गाडीतून बघितला आणि कानात इअरफोन घातले. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मिरबातला थांबणार ना?" प्रेमानं दबक्या आवाजात विचारलं. "पोरीला शब्द दिलाय."

"थांबणार. समुद्रावर, गावाबाहेर. गावात शिरायचं नाही."

पण समुद्राकडं जाणारा रस्ता गावातूनच जातो, याला मी काय करू? जुनी व्यापाऱ्यांची घरं, कोरीव लाकडी खिडक्या, अर्धी पडलेली, अर्धी उभी. रेवा बघत होती आणि मी आरशात मागं बघत होतो. एका बोळात वळलो आणि पुढं उंट. एक नाही, कुटुंब. उंटाला हॉर्न वाजवून काही होत नाही, तो फक्त वळून तुमच्याकडं बघतो आणि आपली लायकी काढतो. मागं बघितलं तर पांढरी पिकअप. कालचीच! दोन्ही बाजूंनी घरांची दारं उघडली. माणसं, बायका, पोरं, सगळ्यांच्या हातात डबे, भांडी, एकाच्या हातात तर बादली.

एक म्हातारी काठी टेकत आली. तिनं बॉनेटवर काठी आपटली आणि माझ्या उघड्या खिडकीतून आत डोकं घालून विचारलं, "वेन अल-अमाना?"

मी तोंड उघडलं. इन्शाल्ला म्हणणार, तोच गर्दीतून पोलीस आला.

संपलं, म्हटलं. खलास. व्हिसा गेला, गाडी गेली, पोरीचं विमान गेलं. मी दार उघडून दोन्ही हात वर करून उतरलो. हातात ते हातमोजे तसेच होते, फुलाफुलांचे, काचेची टेप धरायला घातलेले. पोलिसानं आधी हातांकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

"साब," मी हिंदीत सुरू केलं, "गाड़ी मेरा है, लेकिन अंदर का मेरा नहीं है. जो भी है, हसन का है. मेरी लड़की को कॉलेज जाना है. उसको छोड़ दो, मुझे ले जाओ."

पोलीस काही बोलणार तेवढ्यात मागचा दरवाजा उघडला आणि रेवा उतरली. म्हणाली, "बाबा, तुम्ही प्लीज आता एक मिनिट काही बोलू नका." आणि त्या म्हातारीकडं वळून तिनं फडाफडा अरबी सुरू केलं.

मी माझ्या पोरीला तसं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. मराठी बोलताना ती अडखळते, शब्द शोधते. इथं हात हलवत होती, मान वाकडी करत होती, म्हातारीच्या खांद्याला हात लावत होती. म्हातारीचं नाव सफूरा. सफूरा बोलली, रेवा बोलली, पोलीस बोलला, बादलीवाला बोलला. मग रेवानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतेय. हसत होती.

"बाबा, हसनचाचा हलवा करतात. दर ईदला मोठी तांब्याची कढई टपावर ठेवून, त्या कड्यात, इकडे यायचे. हैमा, थुमरेत, ताका, मिरबात. सगळ्यांना वाटत यायचे. त्यांची बायको इथली होती, मिरबातची. सफूराची बहीण. ती गेली तरी ते यायचे. आता त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून गाडी विकली."

"मग? मी काय केलं?"

"तुम्ही त्यांना प्रॉमिस केलं की या वर्षी हलवा तुम्ही आणणार."

"मी? कधी?"

पोलिसानं फोन लावला. स्पीकरवर टाकला. हसनचा आवाज सगळ्या बोळात घुमला आणि रेवा एकेक वाक्य मला सांगत गेली. "ते म्हणतात, मी त्याला विचारलं, ईदला सलालाला जाणार? तो म्हणाला, इन्शाल्ला. मी विचारलं, माझ्या बायकोच्या माणसांना हलवा नेशील? तो म्हणाला, इन्शाल्ला, इन्शाल्ला. मी विचारलं, निघायच्या आधी खाबुऱ्याला येऊन कढई घेऊन जाशील? तो म्हणाला, खलास. मी सगळ्यांना फोन केला, हिंदी माणूस येतोय, माझी अमानत घेऊन. कढई भरून दारात बसलो. तो आलाच नाही." रेवा थांबली. "आणि ते म्हणतात, वाटेत काही झालं का त्याला? बरा आहे ना तो?"

बोळातले सगळे माझ्याकडं बघत होते. उंटसुद्धा बघत होते.

एवढा वेळ मी सगळ्या जगावर संशय घेत होतो. आणि सगळं जग माझ्यावर विश्वास ठेवून डबे घेऊन उभं होतं. पोलिसाकडं बघितलं तर त्याच्याही गाडीच्या बॉनेटवर एक डबा.

सफूरानं काठीनं टोपाकडं दाखवून विचारलं, मग यात काय आहे? पोलिसानं स्वतः चढून साडी सोडली. रवा, साखर, तूप, कांदे आणि प्रेशर कुकर. बघणाऱ्यांची तोंडं अशी उतरली की मला जमिनीत जावंसं वाटलं.

तेव्हा प्रेमा गाडीतून उतरली. पदर खोचला आणि मला म्हणाली, "टोप खाली घ्या."

"काय करतेस?"

"शब्द दिलाय ना तुम्ही? मग नुसते उभे काय राहिलात? बादलीवाल्याला पाणी आणायला सांगा."

मिरबातच्या समुद्रावर तीन दगड मांडले. पिकअपवाल्यांनी लाकडं आणली. प्रेमानं अख्खा रवा तुपात टाकला आणि परतायला घेतला, तसा वास गावभर गेला आणि डबे परत वर आले. माझ्यावर ढवळायचं काम. हातमोजे उपयोगी पडले. कुपीतलं उरलेलं गुलाबपाणी प्रेमानं शिऱ्यात शिंपडलं, तशी सफूरा पुढं सरकून कुपीकडं बघायला लागली. ती कुपी तिच्या बहिणीची होती, दाराच्या खणातून कधीतरी आत घसरलेली, हे आम्हाला मग कळलं. कुपी प्रेमानं तिच्या हातात ठेवली आणि मुठीवर आपला हात दाबला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांचं काही अडलं नाही.

सफूरानं शिरा खाल्ला. पुन्हा घेतला. मग निकाल दिला, तो रेवानं सांगितला. "त्या म्हणतात, हा हलवा नाही. पण तुझी आई शब्दाची पक्की आहे." माझ्याकडं बघून नुसती काठी एकदा वाळूत आपटली.

आमचा तंबू गावातल्या पोरांनी उभा केला. झाडूची दांडी काढून टाकली आणि कुठून तरी होडीचा बांबू आणला. पहिल्यांदाच तो तंबूसारखा दिसला. माझा फोन मी बंद करून कुकरमध्ये टाकून दिला. मग अख्खा दिवस रेवा आणि मी वाळूवर बसलो होतो. तिनं मला अरबी शिकवलं. "मला समजलं नाही" हे अरबीत कसं म्हणतात, तेवढंच. मी दहादा म्हणून दाखवलं.

"बाबा," ती म्हणाली, "एवढं इझी होतं. तुम्ही आधी का नाही शिकलात?"

"कुणी समजावून सांगणारं नव्हतं."

"मी होते ना, मागच्या सीटवर."

मी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि लाटांकडं बघत बसलो. ती पुण्याला गेली. विमानतळावर मी सगळ्यांना म्हणत होतो की डोळ्यांत वाळू गेलीय. विमानतळावर वाळू नसते हे मलाही माहीत आहे.

पुढच्या ईदला, बकरी ईदला, मी आणि प्रेमा सरळ खाबुऱ्याला गेलो. हसनच्या दारात तांब्याची कढई भरून तयार. चार जणांनी उचलून टपावर चढवली, आणि ती कड्यात बसली. टोपापेक्षा जरा घट्ट. मुंग्या आधीच रांगेत उभ्या.

हसननं माझा हात हातात घेतला आणि पाण्यासारखं सुरू केलं. मी लगेच शिकवलेलं वाक्य म्हटलं. मला समजलं नाही. तो थांबला, हसला आणि पुन्हा पहिल्यापासून तेच सगळं, आणखी जोरात. शेवटी मी पुण्याला फोन लावला. रेवा त्याच्याशी बोलली. बराच वेळ. दोघं हसत होते. हे मला काही बरं वाटलं नाही.

फोन माझ्या कानाला आला. "बाबा, तुम्ही फक्त इन्शाल्ला म्हणा."

"आधी सांग काय विचारतोय."

"बाबा."

"नाही, आधी काय ते सांग. मागच्या वेळी—"

"बाबा, माझ्यावर तरी ट्रस्ट करा."

मी एकदा प्रेमाकडं बघितलं, एकदा कढईकडं. घसा साफ केला. म्हटलं, "इन्शाल्ला."

हसननं काठी टेकली, भिंतीजवळचं गाठोडं उचललं, चाचपडत गाडीला वळसा घातला आणि पुढच्या सीटवर चढून बसला. प्रेमा मागं जाऊन बसली. मी अजून बाहेरच उभा होतो. त्यानं पट्टा लावला, डॅशबोर्डवर दोनदा थाप मारली आणि मला म्हणाला, "यल्ला."